सा, रे, ग आणि लसावि

घरात एखादं बंद पडलेलं बोलकं खेळणं असेल तर त्यातला दोन इंची स्पीकर काढा. मागे वायर जोडायच्या दोन पट्ट्या दिसतील. एक पेन्सिल सेल घ्या, दोन वायरी लावा आणि एका वायरीचं टोक पट्टीला नुसतं टेकवा. टक्! कागदी पडदा जरासा पुढे सरकला. वायर टेकलेली आहे तोवर तो तिथेच थांबतो, आवाज काही येत नाही. वायर उचला. पुन्हा टक्! पडदा जागेवर.

स्पीकरला एवढंच येतं. पुढे जाणं आणि मागे येणं. बाकी लता मंगेशकरांचा आवाज काय किंवा सनईचा काय, तो पडदा किती वेळा, किती आणि कसा हलतो यातच सगळा येतो. आज आपण यातलं फक्त 'किती वेळा' एवढंच हातात घेणार आहोत. 'किती हलवायचा' हा प्रश्नच नाही, कारण आपल्याकडे पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एवढ्या दोनच जागा आहेत. एवढ्या भांडवलावर भूप राग वाजतो का, ते बघायचं.

लहानपणी सायकलच्या चाकात पत्त्याचा तुकडा अडकवला असेल. चाक हळू फिरलं की टक-टक-टक वेगवेगळं ऐकू येतं, वेग वाढला की टका मिसळतात आणि 'घर्रर्र' होतं, आणखी जोर लावला की त्या घरघरीला चक्क उंची येते. सेकंदाला वीसेक टकांच्या पुढे कान मोजायचं सोडून देतो आणि त्यालाच सूर म्हणतो. वायर सेकंदाला ३४७ वेळा टेकवून उचलता आली तर हार्मोनियमच्या पांढरी चारच्या आसपासचा सूर लागेल. हाताने ते शक्य नाही. म्हणून चिप.

ही टेकवण्या-उचलण्याची हमाली मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम भरता येणारी छोटी चिप, फार आनंदाने करतो. मी वापरतो तो अशी चिप बसवलेला आर्डुइनो उनो हा बोर्ड, आर ३ हे मॉडेल. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावी विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून आर्डुइनोचा हा प्रकल्प सुरू झाला. आता पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 'उनो द्या' म्हटलं की दुकानदार न बघता हात मागे घालतो. त्यावरची एटमेगा ३२८पी नावाची चिप सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके मोजते. कामापुरती स्मरणशक्ती मात्र २ केबी, व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक 'शुभ सकाळ'चा फोटोही मावणार नाही. पण आपल्याला फोटो नकोय, ठोके हवेत.

जोडणीत एकच गोष्ट जपायची. उनोची पिन (वायर जोडायची जागा) चालू झाली की तिच्यावर ५ व्होल्ट येतात. स्पीकरचा रोध ८ ओहम. पाचाला आठने भागा, ०.६२५ अँपिअर, म्हणजे ६२५ मिलिअँपिअर. पिनकडून २० मिलिअँपिअरच्या आसपास घ्यावेत अशी अपेक्षा असते आणि ४० ही शेवटची हद्द. म्हणजे स्पीकर थेट पिनला जोडला तर पिन जायची शक्यता भरपूर. मधे २२० ओहमचा रेझिस्टर घाला (लाल, लाल, तपकिरी पट्टे), प्रवाह २२ वर येतो. पिन ८, मग रेझिस्टर, मग स्पीकरची एक पट्टी, दुसरी पट्टी ग्राउंडला, म्हणजे वीज परत जायच्या पिनला. झालं. आवाज टेबलावर बसलेल्या माणसापुरता येईल. शेजाऱ्यांनाही ऐकवायचा असेल तर पॅम ८४०३ नावाचं चिमुकलं अँप्लिफायर बोर्ड मिळतं, पण त्याच्या आधी व्हॉल्यूमची कळ लावा, नाहीतर घरचेच बोर्ड उचलून ठेवतील.

स्पीकरऐवजी बझर घेणार असाल तर माझ्यावरून शहाणे व्हा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसतं 'बझर द्या' म्हटलं आणि दुकानदाराने मागितलं ते दिलं. घरी येऊन सा लावला, टीईईई. रे लावला, टीईईई. प लावला, जरा घोगरी टीईईई. संध्याकाळभर प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. चूक प्रोग्रामात नव्हतीच. बझर दोन प्रकारचे येतात. अ‍ॅक्टिव्ह बझरच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं, वीज मिळाली की तो आपलाच एक ठरलेला सूर धरतो, तुम्ही काहीही सांगा. आपल्याला लागतो तो पॅसिव्ह. दोन्ही काळे, गोल, सारखेच दिसतात. ओळखायचं कसं? सेलला टेकवा. नुसतं 'टक्' झालं तर पॅसिव्ह, ओरडला तर अ‍ॅक्टिव्ह. बऱ्याच बझरमध्ये चुंबक-कॉइल नसून पिझोची चकती असते, वीज दिली की वाकणारी. दाबल्यावर काही स्फटिक वीज देतात हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं होतं, चकतीत त्याचंच उलट घडतं. उघडल्यावर गाणाऱ्या वाढदिवसाच्या कार्डात हीच चकती असायची आणि तिला नाचवणारी तीन पायांची यूएम ६६ नावाची चिप, दिसायला ट्रान्झिस्टरसारखी, पोटात ६४ सुरांची एक धून कायमची कोरलेली. मला मात्र कागदी पडद्याचा स्पीकरच आवडतो. पिझो दोन-तीन हजार हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन) वर खुलतो, खाली नुसता कण्हतो.

टोन म्हणजे मोजणी

आर्डुइनोच्या भाषेत 'टोन' नावाची आज्ञा आहे. तिला पिनचा नंबर आणि सेकंदाला किती कंपनं हवीत तो आकडा द्यायचा. आठ नंबरच्या पिनवर २४० म्हटलं की सूर सुरू. 'नोटोन' म्हटलं की बंद. संगणकाचं ज्ञान इथे संपलं तरी चालेल, कारण पुढचा सगळा मामला गाण्याचा आहे.

सा कुठेही धरा, बाकीचे स्वर त्याच्याशी ठरलेल्या नात्यात असतात. शुद्ध गंधार साच्या सव्वापट, मध्यम एक पूर्णांक एक तृतीयांश पट, पंचम दीडपट, तार सा दुप्पट. ऋषभ ९/८, धैवत ५/३, निषाद १५/८. (धैवताबद्दल जाणकारांत दोन मतं आहेत, कुणी २७/१६ धरतात. मी ५/३ घेतला.) सा २४० धरला की भूपाला लागणारे आकडे गोड येतात: रे २७०, ग ३००, प ३६०, ध ४००, तार सा ४८०. भूप तयार.

हार्मोनियमचा हिशेब वेगळा. पियानोसारखीच तिथे साच्या आणि तार साच्या मधल्या जागेचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९४६ पट. फायदा असा की कुठल्याही पट्टीला सा मानून गाता येतं. तोटा असा की सा सोडून एकही स्वर त्या साध्या अपूर्णांकांवर नेमका बसत नाही. २४० च्या साला हार्मोनियमचा गंधार ३०२.४ वर येतो, ३०० वर नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर तिला येतच नाही. अशा आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. तेव्हा आपला तीस-चाळीस रुपयांचा स्पीकर निदान गंधाराच्या बाबतीत हार्मोनियमच्या वरचढ, अशा खुशीत मी आईला हाक मारली. आई बरीच वर्षं गाणं शिकलेली. तिने मोबाईलवरचा तानपुरा माझ्या साला मिळवून घेतला आणि म्हणाली, "हं, लाव."

सा ठीक. गंधारावर तिची भुवई हलली, चांगल्या अर्थाने. पंचमावर मी जरा जास्त थांबलो.

"अरे, पंचम चढतोय तुझा."

"आई, ३६० दिलाय. दीडपट. बरोबर दीडपट."

"तू काय दिलायस ते मला काय माहीत. डोलतोय बघ."

खरंच डोलत होता. दर दीड सेकंदाला एक, अशी मंद लाट येत होती. दोन सूर अगदी जवळ असले आणि एक नसले की अशी लाट उठते. तंबोरा मिळवणारा माणूस तीच ऐकत खुंटी पिळतो आणि ती थांबली की हात काढतो.

मग चिप आतून काय करते ते बघणं आलं. टोन ही आज्ञा उनोच्या टायमर २ कडे जाते. हा टायमर म्हणजे एक मोजणारा पोऱ्या. त्याला एक आकडा सांगायचा, तेवढे ठोके मोजून झाले की तो पिन उलटी करतो, चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दोन वेळा उलटली की एक कंपन पूर्ण. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, हा पोऱ्या २५६ च्या पुढे मोजू शकत नाही. दोन, तो अर्धे-पाव ठोके मोजत नाही.

दीड कोटीच्या वर ठोके आणि मोजायला फक्त २५६, म्हणून ठोके आधी विरळ करावे लागतात, १२८ तला एक किंवा २५६ तला एक घ्यायचा. २५६ तला एक घेतला की सेकंदाला ६२,५०० ठोके उरतात. २४० कंपनं म्हणजे पिन ४८० वेळा उलटायची. भागाकार येतो १३०.२. पॉइंट दोन गेले, उरले १३०. प्रत्यक्षात वाजतं २४०.३८. बरं, सा थोडा चढला तर चढला, त्याने कुणाचं बिघडत नाही. गंधाराला ३०० मागितले, ३००.४८ मिळाले, पण साही चढलेलाच असल्यामुळे दोघांतलं नातं नेमकं सव्वापट राहिलं. योगायोग. पंचमाला मात्र ३६० साठी १७३.६ ठोके लागतात (इथे ठोके १२८ तले एक). पोऱ्याने मोजले १७३. कमी मोजले म्हणजे लवकर उलटला, म्हणजे सूर चढला: ३६१.२७. चढलेल्या साच्या दीडपट व्हायला हवे होते ३६०.५८. फरक पाऊण हर्ट्झही नाही, पण तानपुऱ्यासमोर तो दर दीड सेकंदाला एकदा डोलणार. आईचा कान बरोबर होता आणि माझा दीडपटही बरोबर होता. चिपने पुढचे अपूर्णांक गिळले होते.

१८०

आता सूर हर्ट्झमध्ये मागणंच सोडून देऊ. चिप मोजते ते ठोके, तर ठोक्यांतच विचार करू.

ठोके जास्त तितका सूर खालचा, कमी तितका वरचा. हे काही नवीन नाही. तारेचं असंच असतं, लांब तार खालचा सूर, अर्ध्यावर बोट ठेवलं की तार सा. सतराव्या शतकात अहोबलाने 'संगीत पारिजात'मध्ये स्वरांच्या जागा सांगितल्या त्या वीणेच्या तारेच्या लांबीवरच. टायमरमधला आकडा म्हणजे आपली तारेची लांबी, फक्त ही तार अखंड नाही, तिला मणी ओवलेले आहेत आणि बोट मण्यांवरच ठेवता येतं. तर साची तार किती मण्यांची घ्यावी, म्हणजे सगळे स्वर पुऱ्या मण्यांवर पडतील?

पंचम दीडपट म्हणजे त्याची तार २/३. साच्या आकड्याला ३ ने भाग गेला पाहिजे. मध्यमाची ३/४, म्हणजे ४ ने. गंधाराची ४/५, धैवताची ३/५, म्हणजे ५ ने. ऋषभाची ८/९, म्हणजे ९ ने. निषादाची ८/१५, म्हणजे १५ ने. तार सा अर्धा, २ ने. पाचवी-सहावीतली गोष्ट आठवा, 'अशी लहानात लहान संख्या शोधा जिला खालील सर्व संख्यांनी नि:शेष भाग जाईल'. २, ३, ४, ५, ९ आणि १५ चा लसावि.

१८०.

आणि १८० हा २५६ च्या आत बसतो. त्याच्या पुढचा गुणाकार ३६०, तो बसत नाही. म्हणजे या चिपला सगळे शुद्ध स्वर चोख हवे असतील तर साचा आकडा एकच. सा १८०, रे १६०, ग १४४, म १३५, प १२०, ध १०८, नी ९६, तार सा ९०. एकही अपूर्णांक नाही. शाळेत लसाविच्या गणितात घंटा किती मिनिटांनी एकदम वाजतील असे प्रश्न असायचे, तेव्हा ते कुणाच्या कामाचे हे कळत नसे. मला तरी ते कळायला चाळिशी उजाडली.

१२८ तला एक ठोका घेतला तर प्रत्येक ठोका ८ मायक्रोसेकंदांचा. १८० ठोके म्हणजे १४४० मायक्रोसेकंद पडदा पुढे, १४४० मागे. सूर येतो ३४७.२ हर्ट्झ, पांढरी चारच्या केसभर खाली. टोन आज्ञेला पूर्णांकच द्यावे लागतात, आणि ती अपूर्णांक गिळते हे आता माहीत झालंय, तेव्हा तिच्या याच खोडीचा फायदा घ्यायचा. ३४७, ३९०, ४३४, ४६२, ५२०, ५७८, ६५१, ६९४ हे आठ आकडे द्या. प्रत्येक वेळी आत भागाकार होतो, शेपूट कापलं जातं आणि उरतो तो बरोबर आपला मणी. (पंचमापासून वर चिप आपणहून ठोके दुप्पट दाट करते, त्यामुळे १२० च्या जागी २४० मोजते. नातं तेच राहतं.) खालचा धैवत हवा तर २८९, खालचा सा १७३.

एक शंका येईल. उनोच्या मुख्य चिपला ठोके पुरवतो तो सिरॅमिक रेझोनेटर, घड्याळातल्या क्वार्ट्झइतका काटेकोर नसतो. मग? मग काही नाही. ठोकेच जरा जलद पडले तर सा, ग, प सगळे मिळून तेवढेच वर जातील. गायकाने आज सा केसभर वर लावला, एवढंच.

आकडे बदलून पुन्हा आईला बसवलं. तानपुरा नव्या साला लावला, पंचम धरला. डोलला नाही. "आता लागला," म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. कौतुक यापेक्षा जास्त झालेलं नाही.

लय आणि श्वास

सूर लागले म्हणजे गाणं झालं असं नाही. टोनला तिसरा आकडा देता येतो, किती मिलिसेकंद वाजायचं तो. इथे नवशिका हमखास पडतो. सा ५००, रे ५००, ग ५०० असं एकाखाली एक लिहितो आणि ऐकू येतो फक्त गंधार. कारण चिप सूर सुरू करून वाजायची वाट बघत थांबत नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत तिन्ही ओळी वाचून मोकळी होते. प्रत्येक सुरानंतर 'डिले' देऊन तिला थांबवावं लागतं.

किती थांबवायचं ही लय. मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर मात्रा ५०० मिलिसेकंदांची. पण सूर पूर्ण ५०० वाजवू नका. 'सा रे ग, ग' मधले दोन गंधार एकमेकांना चिकटून एक लांबलचक गंधार होतो. ४५० वाजवा, ५० गप्प राहा. ती पन्नास मिलिसेकंदांची फट म्हणजे भात्याचा श्वास. ४०० आणि १०० केलं तर तेच स्वर तुटक, उड्या मारत येतात. २५० आणि २५० केलं तर रिक्षा मागे घेताना वाजते तसं. एकाच ओळीचा स्वभाव केवळ या फटीवर किती बदलतो ते हाताने आकडे फिरवून बघण्यात एक अख्खा रविवार जातो. माझा गेला.

ग रे सा, खालचा ध, सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. एवढं लिहा, शेवटच्या साला दोन मात्रा द्या. भूप ओळखू येतो. आवाज आहे कोंबड्याच्या पिल्लाच्या घशातला, पण ओळखू येतो.

मींडही जमते, म्हणजे जमवता येते. ग वरून प वर उडी न मारता ४३४ पासून ५२० पर्यंत आकडा दर काही मिलिसेकंदांनी थोडा थोडा वाढवायचा. मण्यांची तार असल्यामुळे खरं तर या तीसेक पायऱ्या आहेत, पण भरभर चढलं की घसरगुंडीच वाटते. सारंगीवाला हसेल. हार्मोनियमवाल्याला मात्र हसायचा हक्क नाही.

छोटा स्पीकर, मोठी थाप

आपला पडदा दोनच जागी असतो, मधे कुठे नाही. कागदावर काढलं तर किल्ल्याच्या तटासारखी चौकोनी रेघ. अशा चौकोनी लाटेत मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम पटींचे सूरही दडलेले असतात, तिप्पटवाला एक तृतीयांश जोराचा, पाचपटवाला एक पंचमांश. आवाज पोकळ, जरा पाइपातून आल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. पुढे-मागेची वाटणी बदला, १४४० आणि १४४० ऐवजी ७२० पुढे आणि २१६० मागे. बेरीज तीच, म्हणून सूर तोच, पण आवाज बारीक आणि नाकातला होतो. (हे टोनच्या आज्ञेने होत नाही. पिन चालू कर, थांब, बंद कर, थांब, असं स्वतः लिहावं लागतं.)

याच दडलेल्या सुरांमुळे एक गंमत घडते. दोन इंची स्पीकरला खर्ज झेपत नाही, हवा ढकलायला पडदाच पुरत नाही. १७३ चा खालचा सा दिलात तर मूळ सूर त्यातून जेमतेम निघतो. तरी तुम्हाला खर्जच ऐकू येतो. स्पीकर ५२१ आणि ८६८ नीट वाजवतो, आणि कान मनाशी म्हणतो की हे दोघे ज्याचे तिप्पट आणि पाचपट आहेत तो इथेच कुठेतरी असणार. नसलेला सूर तो स्वतः भरून काढतो. फोनवर वडिलांचा आवाज भारदस्त ऐकू येतो तोही असाच, फोनच्या स्पीकरमधून तो भारदस्तपणा बराचसा निघतच नसतो. म्हणून छोट्या स्पीकरसाठी शुद्ध गोल लाटेच्या मागे लागण्यात अर्थ नाही. हा खडबडीतपणाच तिथे उपयोगी पडतो. १९८१ चा आयबीएम पीसी आणि १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम यांच्यातही असाच चालू-बंदवाला स्पीकर होता, आणि त्यांच्यावर लोकांनी अख्खे खेळ वाजवले. दोन सूर एकदम काढता येत नसत, म्हणून सा-ग-प इतके भराभर फिरवायचे की कान त्यांची मोळी बांधतो. वीस-तीस मिलिसेकंदांना एक सूर बदलून बघा, तोच जुन्या व्हिडिओ गेमचा थरथरता आवाज येईल.

मागे सा

आपलं गाणं मात्र मोळीवर भागत नाही, त्याला मागे अखंड सा लागतो. टोन आज्ञा एका वेळी एकाच पिनवर चालते. पण उनोत आणखी एक मोजणारा मोकळा बसलेला आहे, टायमर १. त्याची मजल मोठी, ६५,५३६ पर्यंत. त्याला सांगायचं की ठोके ८ तला एक घे, २८८० झाले की ९ नंबरची पिन उलटी कर, आणि पुन्हा सुरू हो. (मोजणी शून्यापासून असल्यामुळे रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या आकडा ठेवायच्या जागेत, २८७९ लिहायचं.) ८ गुणिले २८८० आणि १२८ गुणिले १८० हे एकच, म्हणजे हा सा आपल्या सुरांच्या साशी तंतोतंत. एकदा सांगून टाकलं की मुख्य प्रोग्रामने त्याच्याकडे बघायलाही नको. पिन ८ ला २२० ओहम, पिन ९ ला वेगळा २२० ओहम, दोन्हींची दुसरी टोकं एकत्र करून स्पीकरला. एका स्पीकरात साथ आणि गाणं.

ऐकलं आणि निराश झालो. भूप बरोबर, सा बरोबर, एकही डोल नाही, आणि तरी मागे फ्रिज चालू असल्यासारखं वाटत होतं. दोन्ही मोजणारे एकाच घड्याळावर चालतात, कधीच चुकत नाहीत. गाण्यातला सा लागला की तो मागच्या 'सा'मध्ये असा विरघळायचा की वेगळा कळायचाच नाही.

तंबोऱ्यात असं होत नाही. त्याच्या तारा घोडीवर (तारांखालच्या पट्टीवर) नुसत्या टेकत नाहीत, चाटून जातात. मिरजेचे कारागीर घोडी घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी काढतात ती त्या चाटण्यातून येते, आणि तिच्यात वरचे सूर एकामागून एक उमलत राहतात. मधल्या दोन जोडीच्या तारा तर सारख्या लावूनही कधी अगदी सारख्या नसतात. चालू-बंदवाल्या पिनला जवारी कुठून आणणार? पण जोडीचं काहीतरी करता येईल असं वाटलं.

२८८० च्या जागी २८८१ केलं. अर्ध्या मायक्रोसेकंदाचा फरक. मागचा सा ३४७.१० वर गेला, पुढचा ३४७.२२ वर. आता गाण्यातला सा धरून ठेवला की दर आठ सेकंदांनी एक लाट येते, इतकी सावकाश की ती चूक वाटत नाही, कुणीतरी मागे बसून श्वास घेतंय असं वाटतं. २८९० केलं तर सेकंदाला एकाहून जास्त डोल, ते आईच्या भाषेत "बेसूर, बंद कर". २८८१ आणि २८९० च्या मधे कुठे थांबायचं यावर आमचं एकमत अजून झालेलं नाही. ती २८८२ म्हणते. मी २८८४ वर आहे.